शिकागोला समुद्र रेल्वेनं आला

ती. आईस,


शिकागोत माणसं गोठायलीत म्हणून टीव्हीवर दाखवायलेत, असं सांगताना काल तू एवढी घाबरलीस की आक्कानं फोनच काढून घेतला. आम्ही गोठलो नाही. बाहेर उणे चौदा आहे, पण घरात हीटर आहे आणि गॅसवर तुझ्या येसराची आमटी उकळायलीय. पार्सल मिळालं. खारोड्यांचा भुगा झाला, तोही संपला. शेंगाच्या चटणीचा डबा तुझ्या जावयानं स्वतःच्या कपाटात ठेवलाय. माणूस बदलला नाही.

एवढ्या थंडीत लेकरं घेऊन गेलो कुठं? मासे बघायला. हसू नकोस. तळ्याकाठी शेड ॲक्वेरियम आहे. बाहेरगावच्या माणसाला तिकीट चाळीस डॉलरच्या घरात, म्हणजे माणशी पाऊण क्विंटल सोयाबीन! तेही मासे नुसते बघायला. पण इलिनॉयमध्ये राहणाऱ्यांना काही दिवस फुकट असतं. पत्त्याचा कागद दाखवायचा, आधी नंबर लावायचा. अण्णांची लेक असला दिवस सोडते होय!

वाचवलेले पैसे गाडी उभी करण्यात गेले, ते अण्णांना सांगू नकोस. गाडीचं इथं भलतंच दुखणं. 1 डिसेंबर ते 1 एप्रिल, पहाटे तीन ते सात, ठराविक मोठ्या रस्त्यांवर गाडी ठेवायची नाही. बर्फ काढायची यंत्रं येणार म्हणून. बर्फ पडला नसला तरी नियम तोच. उचलून नेली की दीडशे डॉलर, वर दंड वेगळा. आमच्या दारातला रस्ता नेमका त्यातला. मग रोज रात्री हे आतल्या गल्ल्यांत जागा शोधत फिरतात. तिथं ज्यानं फावड्यानं बर्फ उपसला, त्यानं त्या जागेत मोडकी खुर्ची मांडून ठेवलेली! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना आपण, तसं. खुर्ची हलवायची हिंमत कुणात नाही. परवा हे म्हणाले, पुढच्या पार्सलात अण्णांची बाज मागवून घे.

हां, मासे. इथं ग्रँडडॅड नावाचा एक मासा होता. 1933 साली ऑस्ट्रेलियातून आला, 2017 मध्ये गेला. एवढी वर्षं बहुतेक वेळ तळाशी पडून, काम काही नाही, आणि जग त्याला बघायला यायचं. धाकट्या मामाला हे अजिबात कळू देऊ नकोस.

बेलुगा नावाचे पांढरे देवमासे बघून सोन्यानं विचारलं, एवढं खारं पाणी आणलं कुठून? हल्ली इथंच मीठ घालून करतात. पण 1930 मध्ये फ्लोरिडाच्या टोकाहून, की वेस्टहून, रेल्वेनं आणलं होतं. वीस टाक्यांची गाडी, आठ खेपा, दहा लाख गॅलन. मी मनातच हिशेब केला, अडतीस लाख लिटर होतात. लातूरकरणीला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पहिली पाण्याची गाडी लातूरला आली, ती पाच लाख लिटरची. आक्का तेव्हा लातुरातच होती. भांडी विसळलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. पाण्याच्या टाक्यांपाशी 144 कलम! सोन्याला सांगितलं, इथं माशांसाठी समुद्र आला, आमच्यासाठी मिरज आली. त्याला वाटलं मी गंमत करतेय. माझे डोळे का भरले ते यांनीही विचारलं नाही, नुसता मफलर पुढं केला.

त्यात येळवशीची अमावस्या जवळ आलेली. तू आंबिलीचं बिंदगं घेऊन शेतात निघणार, कडब्याची कोप होणार, आणि मी इथं फ्रोझन तुरीच्या शेंगा शोधत दुकानं पालथी घालणार. भज्जी मी करीनच. कशी झाली ते विचारू नकोस.

आता तुझ्या बातम्या. थोरल्या काकूच्या सुनेला भाकरी येत नाही म्हणून गावभर सांगायची काय गरज? काकूची भाकर तरी कधी फुगली होती? वाटणीच्या भांडणात अण्णांनी मधे पडू नये, मागच्या वेळचा बैल आठवा म्हणावं. आक्काला म्हणावं, साडीचा फोटो पाठव, पण नेसून. खाटेवर पसरलेली नको. आणि भाव वाढेल म्हणून ठेवलेलं ते सोयाबीन आता विकून टाका. उन्हाळ्यात तुम्ही दोघं आलात की तुमच्या तिकिटाला लागेल. तेव्हा तुमच्यासाठी फुकटचा दिवस नसणार.

तुझी,
बेबी