सव्वादोन घनमीटरची नीती

जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने शंभर चौरस मीटर वा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये ‘शेल्फ इन शॉप’ पद्धतीने, म्हणजे दुकानातच ठेवलेल्या स्वतंत्र कपाटातून, वाइन विकण्यास मान्यता देताना ते कपाट कुलूपबंद आणि किमान सव्वादोन घनमीटरचे असावे असे ठरवले, ही नीतिशास्त्रातील थोर घटना मानावी लागते; कारण मोहाचे घनफळ तोवर कोणत्याही स्मृतिकाराने मोजलेले नव्हते, आणि त्याहून लहान कपाटात सदाचार मावत नसावा. तूरडाळ आणि फिनेल यांच्या मधोमध उभी असलेली बाटली कुलपाआड गेली की गिऱ्हाइकाचे चित्त ढळत नाही, आणि किल्ली गल्ल्यावर असल्याने संस्कृतिरक्षणाचे काम पगारी नोकराकडे जाते. याच न्यायाने शेजारच्या टोपलीतील द्राक्षांनाही, त्यांची संभाव्य वाटचाल पाहता, छोटेखानी कुलूप लावावे. मनुका मात्र वेळीच वाळून सुधारलेल्या असल्याने त्यांना चारित्र्याचा दाखला देऊन मोकळे सोडण्यास हरकत नसावी. राज्यात मद्यविक्रीचे परवाने ज्या कायद्याखाली दिले जातात, त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 असे आहे.