सल्ल्याचे पैसे

जूचंद्रमध्ये सल्ला विकत घ्यायची पद्धत नाही. घराचं दार कुठल्या तोंडाला ठेवावं, पोराला सायन्सला घालावं की कॉमर्सला, गुडघ्याला काय चोळावं, हे सगळं चंडिकामातेच्या डोंगराच्या पायऱ्या चढता चढता मिळून जातं. तेही न मागता. अशा गावात राहून मी प्रयोगशाळा सोडली आणि सल्लागार झालो. काकांना काही केल्या उलगडा होईना. "म्हणजे लोक तुला विचारतात, आणि वर पैसे पण देतात?"

माझी पीएचडी मिठावरची. खाऱ्या पाण्याची घनता 25 अंश बोमेच्या आसपास आली की मीठ धरू लागतं, पाणी फारच आटवलं तर मॅग्नेशियमचा कडवटपणा उतरतो, वगैरे. मिठागरातले म्हातारे हेच वाफ्यावर तरंगणारा पांढरा पापुद्रा बघून ओळखायचे आणि फावडं उचलायचे. शोधनिबंधात त्यांचा संदर्भ द्यायची सोय नव्हती.

विद्यापीठातून या धंद्यात उतरलेला मी काही पहिला नव्हे. मॅकिन्झी शिकागो विद्यापीठात हिशेब शिकवायचे. 1926 साली त्यांनी सल्लागार कंपनी काढली. त्याच्याही आधी, 1886 साली, आर्थर लिटल या रसायनतज्ज्ञाने बॉस्टनमध्ये असंच दुकान थाटलं होतं. डुकराच्या कानाची रेशमी पर्स होत नाही, अशी इंग्रजीत म्हण आहे. लिटलच्या माणसांनी 1921 मध्ये खरोखर कानांपासून धागा काढून पर्स विणून दाखवली. ती कुणी वापरली नाही, पण जाहिरात झाली!

माझं पहिलं काम तारापूर एमआयडीसीत होतं. नायगावहून विरार, पुढे डहाणू लोकल. (जूचंद्रलाही स्टेशन आहे, पण ते दिवा मार्गावर.) कारखान्याच्या पाइपांत क्षार साचत होते. मी पाण्याचे नमुने तपासले, आलेख काढले आणि अहवालाच्या शेवटी सवयीने लिहिलं, 'या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.' प्रयोगशाळेत या वाक्यावर पुढचं अनुदान मिळतं. मॅनेजरसाहेबांनी शेवटचं पान आधी उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "डॉक्टर, सोमवारी पाइप बदलायचा की नाही?"

आमच्या गावचे रांगोळी कलाकार या बाबतीत माझ्यापेक्षा तयार. चिमटीतून रंग सोडत अख्खा चेहरा उभा करतात, बघणाऱ्याला फोटोच वाटतो. पण प्रदर्शनाचं दार उघडलं की हात थांबतो. डाव्या पापणीवर अजून अभ्यास हवा, असं पाहुण्यांना सांगता येत नाही. मी सोमवारचा विचार करून म्हणालो, "बदला." रात्री झोप लागली नाही, ते सोडा.

परवा काका बोअरवेलच्या पाण्याबद्दल विचारायला आले. खारट का लागतं, आणखी खोल जावं का? मी म्हटलं, खोल जाऊ नका, खाडी जवळ आहे, खारं पाणी आणखी ओढलं जाईल. पावसाचं पाणी जिरवा. काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी चांगला हातभर जिताडा आणून दिला. ही माझी गावातली पहिली फी. सल्लागारीवर 18 टक्के जीएसटी असतो. बायको म्हणाली, सरकारला शेपटीकडचा तुकडा चालेल का ते विचारून घ्या.