एक बंक द्या, मालक!

नौवहन शिक्षणाची उद्योगाच्या गरजांशी सांगड घालायची असेल, तर ती पंचतारांकित हॉटेलात घालावी लागते, शक्यतो समुद्र दिसेल अशा मजल्यावर. व्यासपीठावर जहाज कंपन्यांचे साहेब, प्राचार्य आणि एखादे सरकारी अधिकारी. कॅडेटला, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याला, आमंत्रण नसते. तो त्या वेळी बेलापूरला चौथ्या माळ्यावर बसून लाइफबोट पाण्यात कशी सोडतात ते फळ्यावर शिकत असतो.

साहेब सांगतात, उद्योग बदलला. खरेच आहे. १९९९ साली मोर्सची कटकट बंद झाली, २०१२ पासून टप्प्याटप्प्याने कागदी नकाशांच्या जागी पडदा आला, २०२० च्या १ जानेवारीला इंधनातले गंधक ०.५० टक्क्यावर आले. आता इंधन म्हणून मिथेनॉल आणि अमोनिया. पोरांना हे सगळे यायला हवे! प्राचार्य मान डोलावतात आणि मिथेनॉलचा धडा घालायचे कबूल करतात. धडा वाढला की फी वाढवायला सोपे जाते.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतो, "साहेब, यंदा कॅडेट किती घेणार?" नेमकी तेव्हाच जेवणाची सुट्टी होते.

पेच साधा आहे. डेक कॅडेटने वर्षभर वर्गात बसायचे, मग अठरा महिने बोटीवर काढायचे, तेव्हा कुठे सेकंड मेट या अधिकारीपदाच्या परीक्षेला बसता येते. वर्ग जमिनीवर हवे तेवढे काढता येतात. बोट मात्र मालकाची, आणि मालकाला तयार अधिकारी हवा. म्हणजे सून हवी, पण पाच वर्षांच्या संसाराचा अनुभव असलेली, आणि तोही माहेरीच घेतलेला.

कंपनीचे म्हणणे, केबिन नाही, झोपायला बंक नाही. सुरक्षेच्या दाखल्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा एकही माणूस जास्त नेता येत नाही. नियमच आहे, आम्ही नियमापुढे हात जोडतो. फक्त तो आकडा जहाज बांधताना मालकाच्याच ऑर्डरीवरून ठरतो, एवढे मनात येते. चारशे मीटर लांबीच्या जहाजात चोवीस हजार कंटेनर मावतात, राजापूरचा एक पोरगा मावत नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण शाळाच बोटीवर होती. १९२७ साली मुंबई बंदरात 'डफरिन' नांगरली आणि पोरे तिच्यावरच राहून शिकली. १९७२ मध्ये तिची जागा 'राजेंद्र'ने घेतली. १९९३ मध्ये नवी मुंबईत 'चाणक्य' उभी राहिली, ती जमिनीवर. उद्योगाची गरज ओळखून शिक्षणाने निदान बोटीचा खर्च तरी वाचवला.

सांगड अगदी घट्ट बसली आहे ती एकाच ठिकाणी, ती म्हणजे सुट्टीवर आलेल्या खलाशाच्या खिशाशी. आग विझवणे आणि जीव वाचवणे यांची उजळणी दर पाच वर्षांनी दाखवावी लागते. मग इंजिन रूममधली खरी आग विझवून घरी आलेला माणूस पनवेलजवळच्या अंगणात पत्र्याच्या डब्यातली आग विझवतो, फोटो काढतो आणि सर्टिफिकेट घेतो. बायको म्हणते, "बोटीवर होतात तेव्हा निदान रोज फोन तरी यायचा."

आणि ज्याला बोटच मिळत नाही, त्याला एजंट मिळतो. सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, झाले, पाचही बेसिक कोर्स झाले, आंब्याची कलमे गहाण पडली, आता फक्त 'वरचे' काही लाख बाकी आहेत, असे तो दिलाशाच्या सुरात सांगतो. उद्योगाची गरज सगळ्यांत अचूक ओळखणारा माणूस तोच. त्याला कुठल्याही चर्चासत्राला बोलावले जात नाही, हा त्याच्यावर अन्यायच म्हणायचा.

रत्नागिरी-रायगडच्या पालकांनो, मिथेनॉलचा धडा कितव्या सत्राला आहे हे विचारू नका. फी भरण्याआधी विचारा, 'कुठल्या कंपनीची स्पॉन्सरशिप आहे? पत्र दाखवा.' पत्र दाखवले तर त्या कंपनीला फोन करून खात्री करा. बोटीवर लावणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का, तेही पाहा. आणि नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला २००६ च्या सागरी कामगार करारानेच मनाई आहे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला आहे, एजंटने अजून केलेला नाही.