रिकाम्या हाताचा मानकरी

ऑक्टोबर लागला की अमेरिकेच्या ओरेगन राज्यात डेशूट्स नदीच्या काठी एक जमात दिसू लागते. पाण्यात उतरायला छातीपर्यंत चढवलेले वेडर्स, हातात तेरा फुटी काठी, पहाटेच्या अंधारातही टोपीवर अडकवलेला गॉगल, आणि चेहऱ्यावर कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखं गांभीर्य. हा स्टीलहेडवाला. तो मासे पकडायला आलाय, असा नवख्यांचा समज होतो.

स्टीलहेड म्हणजे मुळात रेनबो ट्राउटच. जन्मभर नदीत राहिला तर ट्राउट, समुद्रात जाऊन चांगला पोसून अंडी घालायला परतला तर स्टीलहेड. पण हे स्टीलहेडवाल्यासमोर बोलायची सोय नाही. गळाला लाल पट्ट्याचा देखणा ट्राउट लागला, तर स्टीलहेडवाला ओशाळून इकडेतिकडे बघतो आणि कुणाला कळायच्या आत त्याला सोडून देतो. पलीकडचा ट्राउटवाला अगदी तसल्याच माशासाठी सकाळपासून गारठलेला असतो, ते वेगळं.

घरी याची सकाळ वर्तमानपत्राने होत नाही, बॉनव्हिल धरणाच्या आकड्यांनी होते. कोलंबिया नदीवरच्या या धरणाला माशांसाठी जिना आहे आणि तो चढून काल किती स्टीलहेड वर गेले, हे रोज जाहीर होतं. आकडा वाढला की हा ऑफिसात शिंकू लागतो. दुपारपर्यंत चांगलाच ताप भरतो.

नदीवर मात्र त्याच्याइतका शिस्तीचा माणूस नाही. दोर आडवा फेकायचा, प्रवाहाबरोबर फ्लाय, म्हणजे पिसांची खोटी माशी, काठाकडे वळू द्यायची, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा फेकायचं. दिवसभर हेच. त्यात गंमत अशी, की समुद्रातून परतलेला हा मासा नदीत फारसं काही खातच नाही. म्हणजे उपाशी राहायचं ठरवून आलेल्याला हा खोटी माशी वाढत असतो. हजार वेळा फेकावं तेव्हा एक मासा, असं तिथले लोक म्हणतात. स्टीलहेडवाला ते तक्रार म्हणून सांगत नाही, शैक्षणिक पात्रता म्हणून सांगतो.

या मंडळींत सोवळं फार. सगळ्यांत खालच्या पायरीवर माशाच्या अंड्यांचं आमिष लावणारे. त्यांच्या वर चकचकीत पत्र्याचा स्पिनर फिरवणारे. त्यांच्याही वर फ्लायवाले, पण बुडणारी फ्लाय वापरणाऱ्याला तरंगत्या फ्लायवाल्यांच्या पंगतीत पाट मिळत नाही. नॉर्थ अम्प्क्वा नदीच्या एका लांबलचक पट्ट्यात तर कायद्यानेच फ्लायखेरीज काही चालत नाही. तिथे सोवळ्याचा कळस झाला: काहींनी गळाचं टोकच कापून टाकलं. मासा वर आला, फ्लाय तोंडात धरली, थुंकली, गेला. एवढ्यावर माणूस तृप्त होऊन घरी.

आता अशाला आपल्याकडचा माणूस भेटला की पंचाईत. पोर्टलंडला मुलाकडे आलेल्या एका मालवणी काकांना शेजारच्या स्टीलहेडवाल्याने मोठ्या अभिमानाने फोटो दाखवला. चंदेरी, हातभर लांब मासा. मुलाने दुभाष्याचं काम केलं. नदीत जन्मलेला अस्सल मासा सोडावाच लागतो, पाठीवरचा छोटा मागचा पर कापलेला, मत्स्यकेंद्रात वाढवलेला असेल तरच घरी नेता येतो, वगैरे. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोडूचोच होतो, तर धरलंस कशाक?" मुलाने याचं भाषांतर केलं नाही. नाहीतरी शेजाऱ्याजवळ उत्तर नव्हतं. घरी नेता येणारा मासा मिळाला, तरी तो बिचारा मित्रांत त्याची वाच्यता करत नाही.

त्याला खरा मान लाभतो तो मासा न मिळाल्याने. आठवडाभर थंडीत उभं राहून एकदाच दोराला झटका बसला, तोही फसला, असं सांगणाऱ्याभोवती बाकीचे आदराने गोळा होतात. झटका कुठल्या दगडामागे बसला, तेव्हा ऊन पाण्यावर आलं होतं का, पाण्याचं तापमान काय होतं, फ्लाय काळी होती की जांभळी, याची तासभर उलटतपासणी चालते. चार मासे मिळाले म्हणणाऱ्याकडे मात्र सगळे संशयाने बघतात. अंडी लावली असणार.

तेव्हा ओरेगनला जाणं झालं आणि असा कुणी भेटलाच, तर "किती मिळाले?" असं विचारू नका. "पाणी कसं होतं?" एवढंच विचारा, आणि त्या संध्याकाळी दुसरं कुठलंही काम ठेवू नका.