हमाली

दाजींच्या हळदीच्या पेढीवर रोजची कीर्द मी लिहितो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दिवसभर घरात बसणं माझ्याच घराला सोसेना, म्हणून आक्कानं मला दाजींच्या गल्ल्याशेजारी आणून बसवलं. पगार म्हणजे दोन वेळचा चहा. तर गेल्या श्रावणात भाच्यानं माझ्यापुढं एक पावती ठेवली. चॅटजीपीटी, महिन्याचे १,९९९ रुपये.

"मामा, एवढं नोंदवा."

"कुठल्या खात्यावर?"

मी आपलं सवयीनं विचारलं, पण पेढीवर शांतता पसरली. भाचा म्हणाला, पगारात टाका, ते माणसाचंच काम करतं. दाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "पगारात टाकलं तर दिवाळीला बोनस आला. लग्नकार्याला उचल मागितली तर?" टेलिफोन खर्चात टाकावं असं मी सुचवलं, ते कुणालाच पटलं नाही. शेवटी रक्कम 'किरकोळ'मध्ये गेली. किरकोळ हे खातं घरातल्या माळ्यासारखं असतं. काय कुठं ठेवावं कळेना की वर टाकायचं आणि शिडी काढून घ्यायची.

सध्या एआयचं पेव फुटलंय, असं पेपरवाले लिहितात. लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी खरं पेव पाहिलंय कोण जाणे. आमच्या सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथं हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र पोत्यांच्या पोती गिळणारं. आतली हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं म्हणून कुणी लगेच उडी घेत नाही. कोंडलेली हवा जाऊ देतात, आधी कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर माणूस वरच थांबतो. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं आणि बरीच निकामी झाली. दाजींच्या वडिलांचा माल तिथं असायचा, त्यामुळं नवीन काही आलं की दाजी आधी कंदील शोधतात.

भाच्याकडे कंदील नव्हता, हिशेब होता. इंग्रजी पत्रं, पाकिटावरचा मजकूर, गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपला उत्तरं. प्रत्येकाचे तास मांडून त्यानं महिन्याला किती माणूस-तास वाचतील ते काढलं होतं. त्यातले बरेच तास माझे निघाले. दोन कप चहाची ही बचत मी मोठ्या मनानं मान्य केली.

आणि खोटं कशाला बोला, पहिला महिना झकास गेला. दुबईच्या एका व्यापाऱ्याला पत्र लिहायचं म्हणजे पूर्वी आमची अख्खी दुपार जायची. 'काइंडली' एकदा घालायचं की दोनदा, यावर दाजींचा आणि माझा वाद व्हायचा. आता पाच मिनिटांत असं पत्र निघू लागलं की वाचून आम्हालाच आमच्या पेढीबद्दल आदर वाटावा.

मग पाकिटाची पाळी आली. यंत्रानं हळदीचे गुण इतके रसाळ लिहिले की दाजी मोठ्यानं वाचायला लागले. सांधेदुखी बरी, मधुमेह बरा, रक्त शुद्ध. मी जागच्या जागी गार. खाण्याच्या वस्तूच्या वेष्टनावर रोग बरा करण्याचा दावा चालत नाही, २०१८ चे जाहिरात-दाव्यांचे नियमच आहेत. छापखान्यात मजकूर गेला नव्हता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून यंत्रानं लिहिलेली प्रत्येक ओळ मी बोट ठेवून तपासतो. लिहिण्याची दुपार वाचली आणि वाचण्याची दुपार गेली. लिहिताना निदान आपण काय लिहितोय हे ठाऊक असतं. तपासताना चूक कुठं दबा धरून बसलीय ते कळत नाही, आणि या यंत्राची चूक बरोबर उत्तराइतकीच इस्त्री केलेली असते.

बाजारात मालाची किंमत आणि हातात पडणारी रक्कम यांत अडत, हमाली आणि तोलाई असते, हे पोराटोरालाही कळतं. या नव्या मालाची तोलाई तर फारच मजेशीर. भाच्यानं समजावलं की हे यंत्र मजकुराचे तुकडे करतं, त्यांना टोकन म्हणायचं. यंत्र आपल्या व्यवहारात थेट जोडून घेतलं की आकारणी या तुकड्यांवर होते. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीच्या कंपनीनं नवी पद्धत आणली तेव्हा स्वतःच नमुना छापला होता. एकाच वाक्याचे जुन्या पद्धतीत इंग्रजीत २७ तुकडे पडायचे, मराठीत ९६. नव्या पद्धतीत इंग्रजीचे २४ आणि मराठीचे ३३ झाले. म्हणजे इतके दिवस मराठीत 'नमस्कार, बसा' म्हणायला साहेबाच्या साडेतीनपट माप लागत होतं! दाजी म्हणाले, "काटा मारला होता, आता दुरुस्त केला म्हणायचं." बायको म्हणते त्यात नवल काय, मराठी माणूस मुद्द्यावर येईपर्यंत तेवढं लागतंच.

मध्यंतरी तर हे फुकटच मिळायला लागलं. २०२५ साली एका फोन कंपनीनं वर्षभर एक यंत्र वाटलं, दुसरीनं दीड वर्ष दुसरं, आणि नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीवाल्यांनीही आपली एक योजना भारतात वर्षभर फुकट केली. चहाही आपल्याकडे असाच आला. चहावाल्या मंडळींनी गावोगाव फुकट पाजून सवय लावली. आज सकाळी चहा मिळाला नाही तर माझा स्वभाव कसा होतो ते आक्काला विचारा. मी चहाच्या विरुद्ध नाही. उकळलेलं पाणी फुकट नसतं, एवढंच म्हणतोय.

भाच्याला पुढं गिऱ्हाइकांशी परस्पर बोलणारं यंत्र बसवायचं होतं. मी त्याला कॅनडाची गोष्ट सांगितली. आजी वारलेल्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं सांगितलं, तिकीट आत्ता काढा, दुखवट्याची सवलत मागाहून मागा. कंपनीचा नियम नेमका उलटा होता. प्रकरण न्यायाधिकरणापुढं गेलं तेव्हा कंपनीनं बाजू काय मांडावी? चॅटबॉट ही वेगळी हस्ती आहे, तिच्या बोलण्याला तीच जबाबदार! फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल लागला आणि कंपनीला व्याज-फी धरून आठशे कॅनेडियन डॉलरांवर रक्कम द्यावी लागली. दाजींना यात काहीच नवल वाटलं नाही. "दुकानातल्या पोऱ्यानं शब्द दिला तरी तो मालकाचाच. त्याला कोर्ट कशाला लागतं?"

त्यापुढं झालं ते बोलायला मला अजून जड जातं. दिवाळीच्या तोंडावर भाच्यानं उधारीची यादी यंत्राला घातली आणि एक्केचाळीस जणांना नावानिशी पत्रं गेली. भाषा मखमली, शेवटी मात्र 'अन्यथा पुढील कार्यवाही'. अकरा जणांनी आठवड्यात पैसे पाठवले, हे कबूल केलं पाहिजे. मी चार वर्षांत जे फोनवर जमवलं नव्हतं ते यंत्रानं तासात जमवलं.

बारावे स्वतः आले. बार्शीकडचे, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. एसटीनं आले, टॉवेलात गुंडाळलेले पैसे गल्ल्यावर ठेवले, पावती मागून घेतली आणि म्हणाले, "शेठ, आमच्याकडून काही कमी-जास्त झालं का?" चहा आला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही.

त्यांचा मुलगा अपघातात जायबंदी होऊन वर्षभर अंथरुणावर होता. दाजींनी दवाखान्यात जाऊन सांगितलं होतं, सावकाश द्या. हे 'सावकाश' माझ्या कीर्दीत नव्हतं, भाच्याच्या यादीत नव्हतं, म्हणून यंत्रातही नव्हतं. ते फक्त दाजींच्या आणि माझ्या डोक्यात होतं, आणि तरीही मी यादी न वाचता चहा पीत बसलो होतो. पाकिटाची ओळन् ओळ तपासणारा मी!

दाजी भाच्याला रागावले नाहीत. रात्री फक्त एवढंच विचारलं, "आपल्या माणसांची नावं, कोणाकडे किती येणं, ही यादी आता कुठल्या पेवात आहे? त्याचं झाकण कुणाच्या हातात?" भाच्यानं कुठलंसं बटण बंद केल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं बाप-लेक पहिल्या गाडीनं बार्शीला गेले. त्या प्रवासाचं भाडं मी यंत्राच्या खर्चात धरावं की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

यंत्र काढून टाकलं नाही. इंग्रजी पत्रं तेच लिहितं, 'काइंडली'चा वाद कायमचा मिटला. उधारीच्या फोनला दाजी स्वतः बसतात. पाकिटं मी तपासतो आणि माझा तिसरा चहा मंजूर झाला आहे.

मार्चअखेर हिशेबनिसांचा फोन आला, तुमचं किरकोळ खातं एवढं कसं फुगलं? मी वही घेऊन दाजींसमोर उभा राहिलो. त्यांनी क्षणभर विचार केला.

"हमालीत टाक."

भाच्याला लागलं. "बाबा, अहो ते विचार करतं!"

"आपले हमाल करत नाहीत? पोतं पाठीवर घेतलं की सांगतात, शेठ, यातला माल ओला आहे. हे तुझं ज्या दिवशी असं सांगेल, त्या दिवशी पगारात टाकू."