टणटणीचा सालदार

वाचलेलं अंगात भिनलं की माणसाला कुऱ्हाड हवीशी वाटते. परदेशी झुडपांवर बरंच वाचून मी मे महिन्यात शहादा तालुक्यातल्या कळसाडीला मामांकडे गेलो आणि त्यांच्या बांधावरची टणटणी बघून पेटलोच.

"मामा, ही मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांनी १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेला आणली. आज देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त भागात तीच. तिच्याखाली ना गवत वाढतं, ना रोपं. हरणांनी खायचं काय?"

"आपल्याकडे बोकड आहे," मामा म्हणाले. "कुऱ्हाड गोठ्यात."

टणटणीच्या चौकोनी खोडावर मागे वळलेले बारीक आकडे असतात. हात आत घालताना काही जाणवत नाही, बाहेर काढताना सदरा आतच राहतो. तरीही मी मामांच्या सालदाराला, म्हणजे सालभराच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, फुलांचा गुच्छ दाखवून शिकवत होतो : मधली फुलं पिवळी, त्यांत मध, परागीभवन झालं की ती गुलाबी होतात, मग फुलपाखरं तिकडे फारशी फिरकत नाहीत. पानं मात्र गुरांना विषारी. यकृत बिघडतं, कावीळ होते.

"माहीत आहे, भाऊ. चाऱ्याची टंचाई होती तेव्हा आमच्या गोऱ्ह्याने खाल्ली होती. नाकाची कातडी सोलली, सावलीतून बाहेर येईना."

"प्रकाशसंवेदनशीलता!" मी आनंदाने ओरडलो. पुस्तकातलं लक्षण प्रत्यक्ष भेटलं होतं.

"मेला," तो म्हणाला.

त्यानंतर मी गप्प राहून तोडत गेलो. सगळा बांध जमिनीलगत साफ केला. फांद्या मामींच्या चुलीला होतील म्हणून ओढत दुसऱ्या बांधावर नेऊन रचल्या, हिरव्या-काळ्या फळांसकट. रचता रचता मृगाचा पाऊस आला आणि मी कृतार्थ होऊन पुण्याला परतलो.

दिवाळीत पाहतो तो एकेका बुंध्यातून धुमाऱ्यांचा झुबका. दुसऱ्या बांधावर जिथे ढीग होता, तिथे ओल्या मातीला टेकलेल्या फांद्यांनी मुळं धरली होती. काळी फळं बुलबुलांनी खाल्ली आणि बिया बाभळीवर बसून खाली टाकल्या; तिथे वेगळीच रोपवाटिका. शिवाय पहिला बांध उघडा पडल्यामुळे पावसाळ्यात रानडुकरांना पपईचा रस्ता सापडला होता. मामींनी तो हिशेब फराळासोबत वाढला.

मग पुस्तकाचं पुढचं पान उघडलं. टणटणीचे कोंब मूळ आणि खोडाच्या सांध्यातून फुटतात. वरून तोडणं म्हणजे छाटणी, खास तिच्या सोयीची. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांची पद्धत वेगळी : माती थोडी उकरून सांध्याच्या खाली मूळ तोडायचं, झुडूप उलटं करून ठेवायचं, आणि पुढे पक्षी बसतात त्या झाडांखालची रोपं उपटत राहायचं. फसणारा मी एकटाच नव्हे, एवढाच दिलासा. १९४१ साली तिच्यावर सोडण्यासाठी ऑस्ट्रेलियातून किडे आणले. ते सागावरही ताव मारतील या भीतीने नष्ट केले, तरी काही निसटले आणि पसरले. ते पानं शोषतात, टणटणी नवी पानं काढते.

हे सगळं मी मामांना सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे टिकाव आणून माझ्यापुढे ठेवला.

"आखाजीला या, भाचेबुवा, साल ठरवू. यंदा टणटणीकडे राबलात, पुढच्या सालाला आमच्याकडे राहा."