भरा आणि शिका

सातारा-सांगलीची मुले व्यवहारात कच्ची, असा एक समज पुण्या-मुंबईकडे अजून आहे. सॉफ्टवेअरच्या उमेदवारीची आपल्याकडे जी रीत पडली आहे, ती पाहिल्यावर हा समज टिकणार नाही. काम शिकायला आलेल्याने काम करावे आणि ते करू दिल्याबद्दल पैसेही त्यानेच भरावेत, हे तत्त्व आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असे बिनबोभाट रुजले, की कुणी रस्ता अडवला नाही की जिल्हाधिकाऱ्यांना साधे निवेदन दिले नाही. सुजाण नागरिक म्हणून आपण याची दखल घ्यायला हवी.

मुळात अडचण खरी होती. अभियांत्रिकीच्या मुलांना इंटर्नशिप करावी लागतेच. नव्या शैक्षणिक धोरणाने साध्या पदवीच्या मुलांनाही 'ओजेटी' (ऑन जॉब ट्रेनिंग) दिली. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. वर्षातल्या ठरावीक महिन्यांत कॉलेजे भरभरून मुले बाहेर सोडतात आणि त्यांना सामावून घेतील अशा सॉफ्टवेअर कंपन्या इथे मोजक्याच. दुसरीकडे असा पेच सरकारला सोडवावा लागला असता. आपल्याकडे तो पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांनी सोडवला. खाली झेरॉक्सचे दुकान, वर काचेचे दार, दारावर 'आयटी सोल्युशन्स'.

निवडीची पद्धतही मानवतावादी आहे. कुणालाच नापास करत नाहीत. गुगल फॉर्म भरला की संध्याकाळपर्यंत मोबाइलवर पत्र येते: अभिनंदन, आपली निवड झाली आहे. पत्राच्या तळाशी, सही असायची त्या जागी, यूपीआयचा क्यूआर कोड असतो. बाप हळदीची पट्टी घेऊन मार्केट यार्डातून घरी पोहोचायच्या आत पोराने त्यातले किती कुठे जाणार ते ठरवलेले असते. पैशाचे असे काटेकोर नियोजन कृषी खात्यालाही कधी जमले नाही.

पहिले काही दिवस यूट्यूबवर सगळ्या जगाला फुकट दिसणारे व्हिडिओ सगळ्यांनी मिळून पाहायचे असतात. घरी एकट्याने पाहण्यात आणि इथे पैसे भरून पाहण्यात काय फरक, असे कुणी विचारील. इथे हजेरी लागते. त्यानंतर 'लाइव्ह प्रोजेक्ट' सुरू होतो. किराणा दुकानाच्या अ‍ॅपसाठी साबणाचे आणि तेलाच्या पिशव्यांचे फोटो एका मापात कापायचे. दवाखान्याच्या फॉर्ममध्ये नऊच आकडी मोबाइल नंबर टाकून तो अडतो का ते पाहायचे, मग अकरा आकडी टाकायचा. दुकानदाराकडून या कामाचे बिल घेतले जाते आणि मुलाकडून ते शिकवल्याची फी. एकाच तासाचे दोन बाजूंनी पैसे मिळवण्याची ही युक्ती साखर कारखानदारीत मुरलेल्या आपल्या मंडळींना इतकी वर्षे कशी सुचली नाही, याचे नवल वाटते.

शिकवायला मागच्या बॅचमधलाच एक मुलगा असतो. त्याला मेंटॉर म्हणतात, पगार मात्र देत नाहीत.

आता आपल्या थोरांचे स्मरण करणे उचित ठरेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभे केले आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. हेतू उदात्तच होता. मात्र योजनेत एक व्यावहारिक उणीव राहिली: राबणाऱ्या मुलाच्या पदरात काहीतरी पडत असे. शिवाय खर्चाचा बोजा भलत्यांवर आला. वसतिगृहातल्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मंगळसूत्र मोडावे लागले. परक्याच्या लेकरांसाठी एकाच बाईने एवढे सोसावे, हे आजच्या काळाला शोभणारे नाही. आता ज्या त्या मुलाची आई ज्याची त्याची बोरमाळ सोनेतारणाला ठेवते. विकेंद्रीकरण म्हणतात ते यालाच.

किर्लोस्करवाडीचेही तसेच झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलजवळच्या उजाड माळावर कारखाना काढला. आसपासच्या खेड्यांतली, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेली माणसे यंत्रांवर उभी केली, त्यांना हाताला धरून शिकवले आणि वर पगारही दिला. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध अविचार. कारखाना आजही चालू आहे, तो योगायोग समजावा.

सरकारची समजही अशीच जुनाट. १९६१ चा शिकाऊ उमेदवारीचा कायदा म्हणतो की उमेदवाराला मालकाने विद्यावेतन द्यावे. ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये ठरवून दिले. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत (नॅट्स) नोंदणी केली तर त्यातला निम्मा भार केंद्र सरकार उचलते. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात पदवीधराला महिना १०,००० रुपये. एवढा पैसा समोर ठेवला असताना आपल्या दोन खोल्यांच्या उद्योजकांनी त्याला हात लावला नाही. नोंदणी नाही, उमेदवारीचा करार नाही. मनुष्यबळ तिसाच्या आत ठेवले, म्हणजे कायद्याची सक्ती नाही. आलेल्या पोराला 'इंटर्न' म्हटले, म्हणजे प्रश्नच मिटला. सरकारी पैशाबद्दल इतका अलिप्तपणा सार्वजनिक जीवनात क्वचित आढळतो.

मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याबद्दल मात्र काही पालक कुरकुर करतात. मुलाकडून लिहून घेतलेला बॉण्ड पुरा होईपर्यंत ती कंपनीच्या कपाटात राहते. पण सांगलीकरांना २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवत असेल. किती घरांत दाखले, सातबारे, जातीची प्रमाणपत्रे चिखलात गेली! अशा वेळी पोराची आयुष्यभराची कमाई पहिल्या मजल्यावर कुलपात असलेली बरी. किल्ली कुणाकडे, हा तपशील झाला.

कॉलेजेही समाधानी आहेत. मार्गदर्शक प्राध्यापकांना इतक्या ठिकाणी जातीने जाणे शक्य नसते, म्हणून ते जिओटॅगचा फोटो मागवतात. फोटोत लॅपटॉप दिसतो, मुलगा दिसतो, अक्षांश-रेखांश दिसतात. नॅकच्या फायलीला आणखी काय हवे? शेवटी सोनेरी कडेचे प्रमाणपत्र मिळते. ते नीट वाचले तर त्यात उमेदवाराने कष्ट, निष्ठा आणि शिकण्याची वृत्ती दाखवल्याचे लिहिलेले असते. त्यातला एकही शब्द खोटा नाही.

निष्पक्षपणासाठी सांगितले पाहिजे, की जुन्या वळणाच्या काही थोड्या कंपन्या या जिल्ह्यांत अजून आहेत. त्या महिन्याला विद्यावेतन देतात, आणि अनुभवी माणूस नव्या मुलाशेजारी बसून त्याचा कोड ओळीओळीने वाचतो, हे असे का केलेस म्हणून विचारतो. त्यांची नावे इथे देत नाही. उगाच उद्या त्यांच्या दारात रांग लागायची आणि बाजार बिघडायचा.

वाचकांना विनंती एवढीच. तुमच्या घरातले कुणी येत्या सोमवारच्या बॅचला निघाले असेल, तर ते ९,००० रुपये आणि १९६१ चा कायदा त्याच्या कानावर घालू नका. पैसे भरल्याची पावती मागायलाही सांगू नका. एकाने मागितली की सगळे मागतात.